साखरपुड्याचा वांगी रंग

मी त्या दिवशी फोनवर सरळ ‘जांभळा’ म्हणाले असते, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं होती, मी नुकताच चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला होता, कसबा बावड्यातल्या एका शाळेत नोकरीला लागले होते आणि माझ्या अंगात रंगांचं वारं शिरलं होतं. जांभळा हा शब्द मला गावंढळ वाटायचा. जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तो जांभळा. साडीचा असतो तो वांगी. महाद्वार रोडवरच्या दुकानांत सगळे तसंच म्हणायचे आणि मीही तो शब्द जरा नाकातून म्हणायची.

माझं लग्न ठरलं होतं आणि साखरपुडा आठवड्यावर आला होता. मुलाचं घर शिरोळकडं, कृष्णेच्या काठावर. शेतकरी माणसं. कर्नाटकाची हद्द इतकी जवळ, की घरात निम्मं बोलणं कानडी चालायचं आणि मुलाच्या आईला सगळे आव्वा म्हणायचे. आम्हीही लिंगायतच, पण आमच्या घरातलं कानडी आजोबांच्या पिढीबरोबर संपलेलं. आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्यांचा नंबर आम्ही पी.पी. म्हणून सगळ्या नातेवाइकांना देऊन ठेवला होता, आणि शेजारीण खिडकीतून हाक मारून आम्हाला बोलवायची. होणाऱ्या सासूबाईंनी गावच्या दूध सोसायटीतून त्या नंबरावर फोन केला.

“कोण, मास्तरीणबाई काय?” आवाज एवढा मोठा, की फोन नसता तरी ऐकू आला असता.

“व्हय,” मी म्हटलं.

“साकरपुड्याची साडी घ्यायची हाय. रंग कंचा आवडतोय तुमाला?”

“वांगी.”

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर. मग, “वांगी? आपली खायची वांगी?”

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. “व्हय, तसल्याच रंगाची.”

“कळलं की. ठेवतो.”

त्या काळात मॅचिंग म्हणजे कायदा होता. साडी आणि ब्लाऊज यांच्या रंगात बोटभर फरक पडला, तर लग्नातल्या बायका तेवढ्यावर जेवणाची पंगत उठेपर्यंत बोलायच्या. मुलाकडची साडी साखरपुड्याच्या दिवशीच हातात पडणार, ती नेसून लगेच पाटावर बसायचं, म्हणून ब्लाऊज आधीच शिवून ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. आई आणि मी मॅचिंग सेंटरमध्ये गेलो. भिंतभर ब्लाऊजच्या टू-बाय-टू कापडाची ठाणं. दुकानदारानं जांभळ्याचे सात प्रकार काउंटरवर मांडले. मी एकेक तुकडा दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात धरून पाहिला, डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि सातातला सगळ्यात गडद तुकडा निवडला. नमुना हातात नसताना नुसत्या नजरेनं शेड ओळखायची, याचा मला कोण अभिमान! ब्लाऊजला फुग्याच्या बाह्याही सांगितल्या. एकदा मिरवायचंच म्हटल्यावर कमी कशाला करायचं?

साखरपुडा बावड्यात आमच्या दारातच होता. मांडव घातलेला, साखर कारखान्याचा हंगाम सुरू असल्यामुळे मळीचा वास मांडवभर, आणि त्या वासाची सवय नसलेले आमचे शहरातले नातेवाईक नाकाला रुमाल लावून बसलेले. मुलाकडची मंडळी ट्रॅक्समधून उतरली. ओटी भरायच्या वेळी आव्वांनी पिशवीतून साडी काढून माझ्या हातात दिली आणि घडी स्वतःच उलगडली.

साडी पोपटी होती.

साधीसुधी पोपटी नव्हे. कोवळ्या भाताच्या खाचरावर ऊन पडल्यावर जसा डोळ्यांत घुसतो, तसला पोपटी. आणि तिला चार बोटं रुंद काठ, पाचूच्या खड्यासारखा गडद, चकचकीत हिरवा. माझी आत्या कुजबुजायला गेली, पण तिचा आवाज कोल्हापूरचा. “अगंबाई,” ती म्हणाली, “हितं तर पोपटच आला.”

आव्वांना ते कौतुकच वाटलं. त्या सगळ्यांना सांगायला लागल्या, “वांगं घेऊन गेलतो की दुकानात! रानातनं ताजं तोडलं, पिशवीत घातलं आनि इचलकरंजीला गेलो. दुकानदार म्हनला, मावशी, भाजी भाईर ठेवा. म्हटलं, भाजी न्हाय बाबा, सुनेचा रंग हाय ह्यो. सगळी ठाणं वांग्याला लावून बघितली. चार दुकानं हिंडलो. काठसुदिक देठाच्या रंगाचा घावला.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कृष्णाकाठची वांगी हिरवी असतात. काटेरी, अंगावर पांढरट रेघा, वर गडद हिरवी टोपी. त्या गावात वांगं म्हटलं की हिरवंच. जांभळं वांगं म्हणजे बाजारातलं, बेचव, बाहेरगावचं; त्याचा रंग मागणारं माणूस त्यांना माहीतच नव्हतं. मी रंगांची पंडित, पण जिथं नांदायला जायचं तिथलं वांगं कुठल्या रंगाचं, हे मी विचारलं नव्हतं.

साडी नेसायला मला आतल्या खोलीत नेलं. तिथं पलंगावर माझा जांभळा ब्लाऊज इस्त्री करून पसरलेला, फुग्यांसकट. मी चिडले, ते लपवत नाही. मी म्हटलं, मी हे घालून बाहेर येणार नाही. आई म्हणाली, माझा पांढरा घाल. तो मला दोन मापांनी मोठा. आत्या म्हणाली, पदर घट्ट गुंडाळून बस, ब्लाऊज दिसणारच नाही. फुग्याच्या बाह्यांचं काय करायचं ते मात्र तिलाही सुचेना. मी साडी पलंगावर टाकली आणि म्हटलं, त्यांना सांगा, दुसरी आणा म्हणावं.

एवढ्यात आव्वा दारात. हातात हिरव्या बांगड्यांचा डबा. सुनेला बांगड्या आपणच भरायच्या म्हणून त्या हौसेनं आत आल्या होत्या. त्यांनी टाकलेली साडी पाहिली. मग शेजारचा ब्लाऊज पाहिला. मग माझं तोंड पाहिलं.

“ह्यो बिलाऊज ह्या साडीवरचा हाय?” त्यांनी विचारलं. आईनं घाईनं साडी उचलली. “माजं काय चुकलं काय?”

चार दुकानदारांशी वांगं हातात घेऊन भांडलेल्या बाईचा हा आवाज नव्हता. फारच बारीक आवाज होता. बाहेर आमचे पन्नास लोक बसले होते. हे कळलं असतं तर ते हसले असते, आणि माझी आत्या सगळ्यांत पुढं असती. मला एकदम त्या बाईची फार माया आली, आणि त्या भरात मी धडधडीत खोटं बोलले.

“न्हाई आव्वा. मुद्दामच असा शिवलाय. विरोधी रंग. आम्हाला शिकवलंय तसं.”

“व्हय?”

“व्हय. पोपटी, गडद हिरवा आणि जांभळा. आता शहरात असंच घालतात.”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की डिप्लोमाची फी वाया गेली असं तिला वाटलं असावं. आव्वांचा चेहरा मात्र फुलला. “शिकल्यालं मानूस त्ये शिकल्यालंच,” असं म्हणत त्यांनी माझ्या हातात कोपरापर्यंत गडद हिरव्या बांगड्या भरल्या आणि बाहेर जाऊन अख्ख्या मांडवाला सांगितलं, की ही नवीन फॅशन आहे. मी पाटावर बसले. फोटोग्राफर कॅमेरा लावून थांबला, थांबला आणि शेवटी अदबीनं म्हणाला, “ताई, ब्लाऊज बदलून घ्या, तोवर मी पावण्यांचे काढतो.”

खोटं बोलायला एक क्षण लागला. निस्तरायला नऊ वर्षं गेली.

लग्नानंतर मला इचलकरंजीतल्या शाळेत जागा मिळाली आणि मी सासरहून एसटीनं ये-जा करू लागले. पहिल्याच आठवड्यात जोतिबाला जायचं ठरलं. मी ती पोपटी साडी त्याच ब्लाऊजवर मुद्दाम नेसले. म्हटलं, डोंगरावरच्या गुलालात दोन्ही कायमचे गुलाबी होतील आणि आपण सुटू. झालेही गुलाबी. मला फार आनंद झाला. पण आव्वांनी दोन दिवस ते कशाकशात भिजवून, आपटून, सावलीत वाळवून पहिल्यापेक्षा चकचकीत करून माझ्या हातात दिले. “तुमच्या आवडीची हाय, वाया कशी जाऊ द्यायची?” म्हणाल्या.

मग दिवाळी आली. पोपटी साडी, जांभळा काठ. गुढीपाडव्याला जांभळी साडी, पोपटी काठ. मी खूश, निदान जांभळी तरी मिळाली. तर त्यावर आव्वांनी पोपटी ब्लाऊज शिवून तयार ठेवलेला. उशांचे अभ्रे, दाराचं तोरण, आमच्या ह्यांचा स्वेटर. एका वर्षी बेंदराच्या सणाला घरच्या बैलांची शिंगं एक पोपटी, एक जांभळं रंगवली आणि पाठीवर गडद हिरवी झूल टाकली. मिरवणुकीत लोक विचारायचे, “ही कंची पार्टी म्हनायची?” आव्वा मानेनं माझ्याकडे दाखवून सांगायच्या, “आमच्या मास्तरीणबाईंचं डोस्कं हाय.” गावात माझ्या नावावर काय काय जमा झालं असेल, याचा मी विचार करणं सोडून दिलं होतं.

आणि मग घर रंगवलं. बाहेरची भिंत पोपटी, खिडक्यांच्या चौकटी जांभळ्या. पहिल्या दिवशी शाळेतून परत येताना मी एसटीतूनच ते पाहिलं आणि एक थांबा पुढं जाऊन उतरावं असं मनात आलं. त्या दोन रंगांचं उघड भांडण चाललं होतं. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं दार आणि भिंतीखालचा हातभर पट्टा गडद हिरव्यानं काढला, आणि खरं सांगते, भांडण मिटलं. गडद हिरवा हा पोपटीच्या नात्यातला, आणि जांभळ्याइतकाच खोल. तो मध्ये आला की दोघांनाही आपलं माणूस भेटल्यासारखं होतं. फक्त जांभळा थोडा ठेवायचा आणि पोपटीला मोकळी जागा द्यायची. मी हे कुठल्या वर्गात शिकले नव्हते. इतकी वर्षं त्या रंगांकडे पाठ फिरवत होते, ती त्या दिवशी पहिल्यांदा वळून नीट पाहायला लागले. पण तसं कुणाला बोलले नाही. अभिमान आडवा आला.

एक गोष्ट मात्र मला आतून खात होती. त्या घरात सगळे एकमेकांवर ओरडायचे. आव्वा आमच्या ह्यांना शेळपट म्हणायच्या, धाकट्या दिराला रेड्या म्हणायच्या, आणि नणंद माहेरपणाला आली, की तिला दारातच ऐकवायच्या, “आलीस व्हय भवाने, आईची आठवण झाली म्हनायची!” नणंदही तितक्याच जोरात परत बोलायची आणि मग दोघी एका ताटात जेवायच्या. मला मात्र ‘तुमी’. मास्तरीणबाई, तुमी जेवला काय? तुमी दमला असशिला, बसा. सुनेला तुमी म्हणणारी सासू गावात ही एकटीच. शेजारच्या बायका मला नशीबवान म्हणायच्या. पहिली एक-दोन वर्षं मलाही तसंच वाटलं. मग लक्षात येत गेलं, की कितीही वर्षं झाली तरी आपण इथं पाहुण्याच. भाजीत मीठ जास्त पडलं, तर आव्वा निमूट दही घेऊन कालवायच्या, पण मला एक शब्द बोलायच्या नाहीत. मला त्या घरात शिव्या खायच्या होत्या. हे कुणाला सांगितलं असतं, तर वेड्यात काढलं असतं.

तोवर काळ बदलला होता. घरोघरी रंगीत टीव्ही आले, मालिकांतल्या बायका काय वाटेल ते कशावरही घालायला लागल्या, आणि महाद्वार रोडवरचे दुकानदार मॅचिंग सोडून ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणू लागले. माझी आत्या एका लग्नात जांभळ्या साडीवर पोपटी ब्लाऊज घालून आली आणि मला म्हणाली, “आता हेच चाललंय बघ, तुला कुठलं म्हाईत असायला!” मी तिला फक्त हात जोडले.

त्याच सुमारास दिराचं लग्न ठरलं. साखरपुड्याची साडी घ्यायला आव्वा मला घेऊन इचलकरंजीला गेल्या. दुकानात गादीवर बसल्या-बसल्या त्यांनी सांगून टाकलं, “पोपटी दाखवा. हिरवा काठ. आनि वर जांभळा बिलाऊज पीस. थोरलीला आनलं तसंच धाकटीला.” दुकानदार ठाण काढायला वळला.

मला ती मुलगी दिसली. आतल्या खोलीत, पलंगावर साडी टाकून बसलेली. ती माझ्यासारखं खोटं बोलेल याची काय खात्री? आणि बोललीच, तर तिचीही नऊ वर्षं जाणार.

“आव्वा,” मी म्हटलं, “तिला विचारूया की, रंग कुठला पायजे ते.”

“तुमाला आवडली, तिला न्हाय आवडायची?”

“मला नव्हती आवडली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता थांबले असते तर परत बोलायचं धाडस झालंच नसतं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. वांगी म्हणजे मला जांभळा म्हणायचं होतं. ब्लाऊज त्या रंगाचा आधीच शिवला होता. विरोधी रंग वगैरे मी तिथल्या तिथे रचलं. दुकानदार हातात पोपटी साडी घेऊन उभा होता, उलगडू की नको अशा पेचात.

आव्वा उठल्या. काही न घेता आम्ही बाहेर पडलो. एसटीत त्या खिडकीशी बसल्या आणि गाव येईपर्यंत बाहेरच बघत राहिल्या. घरी आल्यावर, पाय धुताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तवाच का सांगितलं न्हाई?”

“तुमचं मन दुखलं असतं.”

“मग दुखलं असतं की!” त्यांनी तांब्या दगडावर आपटला. “दुखलं असतं, दोन दीस रुसून बसलो असतो, झालं असतं. न्हाय आवडली तर तोंडावर सांगायचं. लेक सांगती, ल्योक सांगतोय. मला वाटायचं, शिकल्याली पोरगी हाय, आपल्या बोलन्यानं कुठं दुखायची, म्हनून मी जिभंला आवर घालून ऱ्हायलो. आनि ही आपली गोड बोलून नऊ वर्सं घरात पावनी!”

दोघीही एकमेकींना जपत बसलो होतो आणि दोघींनाही तेच नको होतं. मी तिथंच पायरीवर बसून रडले. त्या मला उठवायला आल्या नाहीत. खरंच रुसल्या होत्या.

तो रुसवा चांगला आठवडाभर टिकला. आमचे हे एकदा इकडे, एकदा तिकडे करून दमले. मुलीकडं रंग विचारायचा निरोप गेला होता, म्हणून रविवारी दिराच्या सासरची मंडळी साडीचा रंग सांगायला स्वतःच आली. मुलीनं गुलाबी म्हटलं होतं. मी स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले, दूध तापवायला ठेवलं आणि ते फाटलं. काय करावं म्हणून मी पातेल्याकडे बघत उभी राहिले.

बाहेरून, पाहुण्यांनी भरलेल्या सोप्यातून, आव्वांचा आवाज आला. “ए भवाने! पावनं कवाधरनं बसल्यात, चहाला काय मुहूर्त बघतीस काय?”

आमचे हे घाबरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी रडणार असं त्यांना वाटलं. मी पातेलं खाली ठेवलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, “दूध नासलंय, आव्वा!”

“मग सांग की तसं!” आव्वा ओरडल्या, आणि शेजारच्या घरातून दूध आणायला स्वतः उठल्या.